होय वो, होयो

आमच्या बिल्डिंगमधल्या रेडिओबाईचं लग्न झालंय की नाही, झालं असेल तर कितव्यांदा, आणि मोडलं असेल तर का, या विषयावर अमेरिकेत मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या आम्हा मराठी मंडळींनी गेल्या हिवाळ्यात जेवढा अभ्यास केला तेवढा कॉलेजातही कुणी केला नव्हता. मी त्यात पहिल्या बाकावर होते. मला दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी ऐकायला मनापासून आवडतात. आपल्याला असलं काही आवडत नाही असं जे म्हणतात, ते पोह्यांची दुसरी प्लेट घेऊन तिथंच बसलेले असतात हे मी कितीदा तरी पाहिलंय.

रेडिओबाई हे नाव आमचं. ती मूळची सोमाली. शहरातल्या एका छोट्या रेडिओवर दर शनिवारी सकाळी तिचा कार्यक्रम लागायचा, अर्धा इंग्रजीत, अर्धा सोमालीत, आणि त्यात ती कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही. हीटिंग नीट चालत नाही म्हणून घरमालकांना धारेवर धरायची. तिच्याच समाजातले वडीलधारे सभेत बायकांना मागच्या रांगेत बसवतात म्हणून त्यांच्याशी जाहीर भांडली, तेव्हापासून तिचे अर्धे लोक तिच्यावर जीव टाकायचे आणि उरलेले अर्धे तिचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचे. एका शनिवारी तिनं आपला मोर्चा आमच्याकडे वळवला. म्हणाली, माझ्या बिल्डिंगमधले इंडियन लोक लिफ्टमध्ये शिरले की फोनमध्ये तोंड घालतात, समोरच्या माणसाला साधं हॅलो म्हणायला यांचं काय जातं? आमच्यातल्या पुरुषांना हे फार लागलं. मुख्य म्हणजे ते खरं होतं. पुढच्या आठवड्यापासून तिला लिफ्टमध्ये पाहिलं की सगळे इतक्या मोठ्यानं हॅलो म्हणायला लागले की ती बिचारी दचकायची.

चाळिशीची, उंच, डोक्यावर दर दिवशी वेगळ्या रंगाचा रुमाल, कायम घाईत. जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायची, फक्त स्वतःच्या घरावर नाही. त्यामुळे तिचं घर आम्हीच भरून टाकलं. कुणी म्हणे नवरा दुसऱ्या राज्यात ट्रक चालवतो. कुणी म्हणे नवराच नाही. एकानं तर तिला घटस्फोट मिळवून देऊन परत त्याच माणसाशी लग्न लावून दिलं होतं. तिच्या स्वतःच्या लोकांतही अशाच वावड्या उठत होत्या, असं आमच्या सोमाली कॅबवाल्याकडून कळायचं. म्हणजे या बाबतीत दोन्ही समाजांची छान एकी होती.

या सगळ्यात जानेवारीत माझी आई आली. माझं बाळंतपण फेब्रुवारीत होतं. आई अमरावतीची, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर शेकडो पोरी आणि डझनभर शिक्षक यांना रांगेत उभं केलेली बाई. इथं आली आणि तिच्याशी बोलायला फक्त मी, माझा नवरा आणि डिशवॉशर. बाहेर बर्फ, त्यामुळे फिरायचं ते बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये. गालिचा घातलेला, दोन्ही बाजूंना बंद दारं. पहिल्या आठवड्यातच ती मला म्हणाली, "इथं मानसं राह्यतात का नुसते दरवाजे राह्यतात वो?"

मुलगी झाली. आईनं तिला हातात घेतलं आणि म्हणाली, "आली का माय?" वऱ्हाडात हे चालतंच, आई लेकीला माय म्हणते, आजी नातीला माय म्हणते. मलाही ती अजून तसंच म्हणते. त्या दिवशी दवाखान्यात ती फार खूश होती. पण घरी आल्यावर हळूहळू गप्प होत गेली. बाळाला न्हाऊ-माखू घालायची, मला खारीक-डिंकाचे लाडू भरवायची, आणि मग खिडकीशी बसून पार्किंगमधला बर्फ बघायची. एक दिवस लंगोट घडी करता करता शांतपणे म्हणाली, "सव्वा महिना झाला का मी जातो माय. मले इथं कोंडल्यासारखं होते."

तिकीट सहा महिन्यांचं होतं. नवऱ्याची सुट्टी संपत आली होती. मला बाळाचं रडणं आणि माझं रडणं यातला फरक कळेनासा झाला होता. मला आई हवी होती, एवढं सरळ होतं ते. पण मुख्याध्यापिकेला थांब म्हणायची हिंमत माझ्यात शाळेत असतानाही नव्हती, तेव्हा कुठून येणार?

आणि मग एका दुपारी ती फिरून आली ती लालबुंद चेहऱ्यानं, चपला न काढताच.

"वरच्या मजल्यावर आपल्या वऱ्हाडातली बाई राह्यते!"

झालं होतं असं. आपला मजला फिरून कंटाळा आला म्हणून ती जिन्यानं वर गेली. एका दारापाशी तिला आतून आवाज आला, "होय वो! होय वो!" आता होय पुण्यातही म्हणतात, कोकणातही म्हणतात, पण पुढं असा लाडाचा वो लावणारी बाई आमच्याकडचीच. आईनं मागचापुढचा विचार न करता दार ठोठावलं आणि उघडल्या उघडल्या विचारलं, "काय वो बाई, तुम्ही अमरावतीच्या का अकोल्याच्या?"

दारात एक छोटीशी म्हातारी बाई उभी होती. पायघोळ झगा, खांद्यावर शाल, कानाला फोन. तिनं आईच्या नऊवारीकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि फोन खाली करून म्हणाली, "हिंदी?" आईला वाटलं भाषा विचारतेय. ती देश विचारत होती. पण आईनं "हां, हिंदी" म्हटल्यावर म्हातारीचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू, असं आई सांगते. म्हातारी खरंच हिंदी बोलायला लागली. तरुणपणी मोगादिशूला तिच्या घराजवळ थिएटर होतं, तिथं हिंदी सिनेमे लागायचे, आणि तिनं एकही सोडला नव्हता. त्यामुळे तिला हिंदी यायचं ते सगळं सिनेमातलं. ती "बसा" म्हणायची नाही, "बहन, यह घर तुम्हारा है" म्हणायची. चहा आणते म्हणायच्या ऐवजी "इंतज़ार करो" म्हणायची. आईचं हिंदी अमरावतीच्या भाजीबाजारातलं. दोघींचं बोलणं ऐकून हिंदीच्या कुठल्याही मास्तरनं राजीनामा दिला असता.

ते घर रेडिओबाईचं होतं आणि ही तिची आई. कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहून ती शेवटी आदल्या शरद ऋतूत लेकीकडे पोचली होती. लेक दिवसभर बाहेर, म्हणून म्हातारी फोनवर तिला सारखी हाका मारत बसायची. निघताना तिनं आईचा हात धरून सांगितलं, किसी से मत कहना. लेक जगाशी भांडते, लोक तिच्याबद्दल काय वाट्टेल ते बोलतात, पण माझी आई कुणाच्या तोंडी नको, एवढं एकच तिचं म्हणणं आहे.

आईनं मला हे सगळं सांगितलं आणि वर दम दिला, "कोनाले सांगशील त पाह्य."

म्हणजे बघा. अख्खा हिवाळा ज्या घराबद्दल आम्ही अंदाज बांधत होतो त्या घरातली खरी बातमी माझ्या मांडीवर येऊन पडली आणि ती मला कुणाला सांगायची नव्हती. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे माझ्या सासरीही माहीत आहे. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

पण आई बदलली. तिकिटाचा विषय बंद. सकाळी बाळाची अंघोळ उरकली की दोघींपैकी एक तरी मागच्या जिन्यानं दुसरीकडे. म्हातारी दालचिनी-वेलदोड्याचा गोड चहा थर्मासमध्ये घेऊन यायची आणि एक गोड, जाळीदार पोळी करून आणायची. आई म्हणाली हे आपलं धिरडं, ती म्हणाली हे आमचं मलवह, यावर त्यांनी एक पूर्ण दुपार घालवली आणि शेवटी दोघींनी मिळून सगळी खाल्ली. बाळंतिणीनं चाळीस दिवस घराबाहेर पडायचं नाही हे त्यांच्यातही असतं, हे ऐकल्यावर तर आईला ती सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची वाटायला लागली. मला त्या दोघींनी मिळून जे ताब्यात घेतलं ते विचारू नका. मी सोफ्यावरून उठले की एकीकडून "माय, बस" आणि दुसरीकडून "बेटी, आराम!" मला इतकं सुख कधीच झालं नव्हतं.

मग माझी पुण्याची मैत्रीण बाळ बघायला आली. ती रेडिओबाईच्या समोरच्याच घरात राहते आणि जवळच्या शाळेत मदतनीस म्हणून काम करते. तिथं सोमाली मुलं बरीच, त्यामुळे ती थोडे सोमाली शब्द शिकलीय आणि ते योग्य ठिकाणी वापरते, म्हणजे सगळीकडे. दार लावल्या लावल्या ती म्हणाली, "ऐक, कन्फर्म झालं. तिला मूल आहे. लपवलेलं."

"कुणाला?"

"अगं रेडिओबाईला! काल मी चावी शोधत होते ना, तर ती आत शिरली आणि आतून एक बारीक आवाज आला, होयो! होयो! आणि ही म्हणाली, हां हां, आले. होयो म्हणजे आई, यार. आमच्या शाळेतली सगळी पोरं आयांना होयो म्हणतात. आता तिला आई कोण म्हणणार? मूलच ना?"

मी बाळाला दूध पाजण्याच्या निमित्तानं मान खाली घातली. आत स्वयंपाकघरात आई मेथ्या भाजत होती, तिचा झारा मध्येच थांबल्याचं मला ऐकू आलं.

मैत्रीण गेल्यावर मी आईला विचारलं. होयो म्हणजे आई असेल तर म्हातारी स्वतःच्या लेकीला आई कशी म्हणते?

आई माझ्याकडे पाहतच राहिली. "त्याच्यात काय होय? मी तुले माय नाई म्हनत?"

एवढंच. त्यांच्यातही आई लेकराला आईच म्हणून हाक मारते. आमच्या वऱ्हाडात जे घरोघरी चालतं तेच त्यांच्याकडे चालतं, आणि शाळेत शिकलेल्या शब्दांत ते बसत नाही. मला इतकं हसू आलं की टाके दुखले. एका "होयो"नं माझ्या आईला वऱ्हाडी मैत्रीण मिळवून दिली होती आणि त्याच "होयो"नं रेडिओबाईला एक मूल मिळवून दिलं होतं.

मूल मात्र वाढायला लागलं. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्याभरात ते मुलगा झालं, मग चार वर्षांचं झालं, मग त्याचा बापही सापडला. तिच्या लोकांपर्यंतही बातमी पोचली असावी, कारण पुढच्या शनिवारी रेडिओबाई कार्यक्रमात म्हणाली, माझ्या घरात एक मूल असल्याचं ऐकते. कुणाला सापडलं तर कृपा करून त्याला भांडी घासायला लावा. ती हसली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मला वाईट वाटलं. आईला राग आला, आणि आईचा राग म्हणजे ती बोलत नाही, भांडी जोरात ठेवते.

बारसं मार्चअखेर ठरलं. मुलीची आत्या नागपूरला, तिला व्हिसा मिळाला नाही. आता कानात नाव कोण सांगणार? आईनं आधीच ठरवून टाकलं होतं. "वरची. रेडिओवाली. तिच्या एवढा दणदणीत आवाज कोनाचा आहे इथं?"

मी रेडिओबाईला विचारलं, घाबरतच. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, आमच्यात बापाच्या बहिणीला एद्दो म्हणतात, मी कुणाचीच एद्दो नाही, मला भाऊ नाही. येईन. पण माझी आई बारशाला खाली बसणार नाही. पाहुणे येण्याआधी येऊन बाळाला आशीर्वाद देईल आणि वर जाईल.

हे आईला सांगितलं तर तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

"माझी मैत्रीन चोरावानी मागच्या जिन्यानं येईन, अन् इथं ज्यायनं तिच्या पोरीच्या नावानं गोष्टी केल्या थे समोर बसून घुगऱ्या खातीन? मले नाई जमत. ती सगळ्यायच्या समोर बसली त मी राह्यतो. नाई त बारसं झालं का माझं तिकीट पाह्य."

ती रागाच्या भरात बोलत नव्हती, हे मला कळलं. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, आता काय करायचं? काय करणार? गुपित आमचं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनाच ते हवं होतं. आणि आई गेली तर मी त्या दारांच्या कॉरिडॉरमध्ये एका तान्ह्या बाळाबरोबर एकटी. मी बारशाचे मेसेज पाठवले, घुगऱ्यांचे हरभरे भिजवले, आणि आईच्या बॅगेकडे बघायचं टाळलं.

बारशाच्या सकाळी म्हातारी लवकर आली. हातात मातीचं छोटं धुपाटणं आणि डबीत साखर आणि अत्तर घालून केलेला धूप. आईनं आपल्या बाजूनं निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी तयार केली. माझ्या नवऱ्यानं आदल्या दिवशीच बेडरूममधल्या स्मोक डिटेक्टरला शॉवर कॅप घालून ठेवली होती. ही इथल्या समस्त भारतीयांची फोडणीच्या वेळची विद्या आहे. दोघींनी मला आणि बाळाला दोन्ही धूर दिले. खोलीत पलीकडची भिंत दिसेना. बाळ चक्क झोपलं. मी पण झोपणारच होते.

मग आईला वाटलं, पाहुणे यायचेत, धूर थोडा बाहेर जाऊ द्यावा. म्हणून तिनं घराचं मुख्य दार उघडलं.

कॉरिडॉरमधल्या डिटेक्टरला शॉवर कॅप नव्हती.

अख्खी बिल्डिंग किंचाळायला लागली. दिवे लुकलुकायला लागले. दारं धडाधड उघडली आणि इतक्या दिवसांत न दिसलेली सगळी माणसं एकदम दिसली. मी बाळाला गुंडाळलं, म्हातारीनं ते माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या शालीत घातलं, आणि मागचा जिना-बिना विसरून आम्ही सगळे समोरच्या जिन्यानं खाली आलो. पार्किंगमध्ये आमचे पाहुणे नुकते गाड्या लावत होते. जरीच्या साड्या, वर जाड जॅकेटं, हातात डबे. माझी पुण्याची मैत्रीण सगळ्यांच्या आधी खाली येऊन आपल्या मिनीव्हॅनचं हीटर लावून बसली होती. तिनं दार सरकवलं आणि ओरडली, "बाळाला आत आण, थंडी आहे! काकू, तुम्ही पण या! आणि या आजी कोण?"

आजी आत बसल्या, बाळ त्यांच्या मांडीवर. उत्तर द्यायची वेळच आली नाही. कारण तेवढ्यात रेडिओबाई दुकानातून परत येत होती. आग लागली समजून ती हातातल्या पिशव्या टाकून बिल्डिंगकडे धावत सुटली, आपल्या आईला शोधायला. म्हातारीनं तिला पाहिलं. व्हॅनच्या दारातून अर्धी बाहेर वाकून, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा त्या बारीक आवाजात तिनं हाक मारली.

"होयो! होयो!"

रेडिओबाई जागच्या जागी वळली. माझी मैत्रीणही वळली. ती ड्रायव्हरच्या सीटवर होती आणि हाक तिच्या कानामागूनच गेली होती. तिनं आधी म्हातारीकडे पाहिलं, मग धावत येणाऱ्या बाईकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला तो मी जन्मभर विसरणार नाही.

"हाच तो आवाज," ती पुटपुटली.

रेडिओबाईनं म्हातारीला घट्ट धरलं, हातपाय चाचपले, बाळ ठीक आहे का पाहिलं. मग तिचं लक्ष आजूबाजूला गेलं. पंचवीस-तीस मराठी माणसं, डबे हातात धरून, तोंडं उघडी ठेवून तिच्याकडे बघत होती. एवढे महिने जे तिनं झाकून ठेवलं होतं ते मिनीव्हॅनमध्ये सगळ्यांच्या समोर बसलं होतं. आता ही म्हातारीला घेऊन निघून जाणार, आणि संध्याकाळी माझी आई बॅग भरणार.

माझी मैत्रीण खाली उतरली. ती भित्री नाही, हे तिच्याबद्दल सांगायलाच हवं. इंग्रजीत सरळ म्हणाली, "मी समोर राहते. तुझ्या घरात मूल आहे असं मीच सांगितलं सगळ्यांना. मी आवाज ऐकला होता. आय ॲम सो सॉरी."

रेडिओबाई तिच्याकडे बघत राहिली. आणि मग ती हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग कमरेत वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बरोबरच ऐकलंस. हेच माझं मूल. भाजी खात नाही, औषध घेत नाही, आणि मी कामावर गेले की दिवसभर मला फोन करत बसतं."

आईनं घड्याळ पाहिलं. बारशाची वेळ अकराची दिली होती, आणि तिच्या शाळेत अकरा म्हणजे अकरा. बिल्डिंगमधला गजर अजून वाजत होता, फायर ब्रिगेडवाले आत गेले होते. आईनं टाळी वाजवली. "घंटा झाली! या सगळ्या जनी, इकडे या!" आणि खरं सांगते, सगळे रांगेत आले.

मिनीव्हॅनच्या दारापाशी उभं राहून आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटलं, तोंडातून वाफा काढत. म्हातारी हात जोडून बसली होती, लेक तिच्या शेजारी. पाळणा म्हणून बाळाची कारसीट होती, तिला कुणीतरी आपल्या गजऱ्यातली फुलं बांधली. मग आईनं रेडिओबाईला समजावलं, कानाशी तोंड ने, कुर्र म्हण आणि नाव सांग. जगाला ओरडून सुनावणारी ती बाई इतक्या हळू आवाजात बोलली की आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. नाव काय ते मीही इथं सांगणार नाही, ते त्या दोघींतच असू द्या. पण बाळानं डोळे उघडले, हे सगळ्यांनी पाहिलं.

आणि रीतीप्रमाणे आमच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. पहिला धपाटा माझ्या मैत्रिणीचा. रेडिओबाई ताडकन मागं वळली, भांडायच्या तयारीत. मग आई घाईघाईनं तिच्या हिंदीत म्हणाली, "मारने का रिवाज है, प्यार है!" म्हातारीनं ते सोमालीत सांगितलं आणि लगेच स्वतःही एक जोरदार धपाटा लेकीला घातला. आम्ही सगळ्याच इतक्या हसलो की फायर ब्रिगेडचा माणूस बाहेर येऊन विचारायला लागला, सगळं ठीक आहे ना? कोण काय शिजवत होतं? माझी आई पुढं होऊन म्हणाली, "नो कुकिंग, सर. बेबी." नंतर त्यालाही आम्ही घुगऱ्या दिल्या आणि त्यानं त्या खाल्ल्या.

वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही दाटीवाटीनं उभे होतो. दोन्ही आया मध्ये, एकमेकींचा हात धरून. लिफ्टवाल्या वाक्यानं ज्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते एक काका रेडिओबाईच्या अगदी शेजारी आले होते. त्यांनी फोन खिशात टाकला, घसा खाकरला आणि फार गंभीरपणे हॅलो म्हणाले. तिनंही तितक्याच गंभीरपणे हॅलो म्हटलं. म्हातारी आमच्या घरात सगळ्यांच्या मध्ये, सोफ्यावर बसली आणि घुगऱ्या खाल्ल्या, दोनदा घेऊन. संध्याकाळी मी बघितलं तर आईची बॅग पलंगाखाली ढकललेली होती. मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले, आनंदानं.

त्या शनिवारी रेडिओबाईनं कार्यक्रमात सांगितलं की ती एद्दो झाली असून इंडियन बायकांनी तिला पार्किंगमध्ये मारहाण केली. पुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण मध्येच मागून तोच बारीक आवाज आला. म्हातारीनं आता स्टुडिओत जायला आणि मध्येच सिनेमातलं हिंदी बोलायला सुरुवात केली होती. तिच्या लोकांत नवी कुजबुज सुरू झाली, की रेडिओवरच्या त्या म्हातारीचं हिंदी इतकं चांगलं कसं? आमच्या ग्रुपवर मात्र आता दुसऱ्या कुणाचातरी अभ्यास चाललाय. मी त्यातही पहिल्या बाकावर आहे.

आई जुलैत गेली, सहा महिने पूर्ण करून. विमानतळावर म्हातारी सिनेमात रडतात तशी रडली आणि आईनं तिला शाळेतल्या पोरीसारखं दटावलं, आणि मग दोघी रडल्या. आता आई अमरावतीहून व्हिडिओ कॉल करते तर आधी विचारते, "ती कशी आहे?" ती म्हणजे मी नाही, हे मला आता समजतं.

गेल्या रविवारी आम्ही सगळे आमच्याकडे जमलो होतो. म्हातारी, रेडिओबाई, माझी मैत्रीण, आणि फोनच्या पडद्यावर आई. बाळ आता बसतं, काहीतरी पुटपुटत राहतं. अचानक ते स्पष्ट म्हणालं, "ओयो."

माझी मैत्रीण लगेच ओरडली, "होयो म्हणाली! आई म्हणाली तुला, कन्फर्म!" म्हातारी म्हणाली, नाही, मला म्हणाली, मी तिला रोज तेच म्हणते. रेडिओबाई म्हणाली, तिला एद्दो म्हणायचं होतं, अजून जमत नाही. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पडद्यावर आई हात वर करून गप्प करत होती, वर्गात करायची तसं.

"मले काही विचारता का नाई? थे मले म्हनून राहिली."

"तुला काय म्हणाली?"

"मी आता तिले विचारलं, येऊ का वो माय परत? तुम्ही सगळ्या बोलत होत्या, तुमाले आयकू नाई आलं." आईनं चष्मा सरळ केला. "तिनं सांगतलं, होय वो. काढ तिकीट."